पदरमोडीची कादंबरी

मराठी विभागांत एक शेरा वर्षानुवर्षे चालत आला आहे: "स्वतःच छापलंय." हे दोन शब्द उच्चारले की पुस्तक उघडण्याची गरज उरत नाही. ते कपाटाच्या वरच्या फळीवर जाते आणि तिथून थेट रद्दीत. हा शेरा आम्हीही मारलेला आहे. आम्ही म्हणजे अंधेरी ते बोरीवली आणि घाटकोपर ते मुलुंड या दोन पट्ट्यांतल्या महाविद्यालयांत मराठी शिकवणारे, चाळिशी ओलांडलेले चार-पाच जण. प्रस्तुत टिपण त्या शेऱ्याविरुद्ध आहे. म्हणजे बऱ्याच अंशी ते आमच्याविरुद्धच आहे.

निमित्त घडले ते असे. गेल्या पावसाळ्यात आमची एक माजी विद्यार्थिनी मुलुंडहून आली. पिशवीत तिच्या पहिल्या कादंबरीच्या पाच प्रती होत्या. "मॅडम, सर, अभिप्राय द्या," एवढेच म्हणाली. मुखपृष्ठ गुळगुळीत होते, आत प्रकाशनसंस्थेचे नाव होते, मागे आयएसबीएन होता. म्हणजे शेरा मारण्याची सोय नव्हती. मग चहा पिताना हिशेब बाहेर आला. प्रकाशकाने 'निर्मितिखर्चातील सहभाग' म्हणून तिच्याकडून ५५ हजार रुपये घेतले होते. करारात ५०० प्रतींचा उल्लेख होता; तिच्या हाती २०० आल्या. उरलेल्या ३०० छापल्या गेल्या की नाही हे तिला ठाऊक नाही, आणि विचारायचे धाडस होत नाही. मुद्रिते तपासायला तिला एक रात्र मिळाली. प्रकाशन समारंभाचे सभागृह, चहा-बटाटेवडे, शाली, श्रीफळे आणि निमंत्रणपत्रिका यांवर आणखी १४ हजार गेले. एकूण ६९ हजार. यात संपादनावरचा खर्च शून्य, मुद्रितशोधनावरचा खर्च शून्य.

आणि त्या समारंभाच्या अध्यक्षस्थानी आमच्यापैकीच एक होता. त्याने कादंबरीची चाळीस पाने वाचली होती. उरलेले भाषण त्याने 'नवलेखकांची जबाबदारी' या विषयावर केले.

आमचा पहिला मुद्दा इथून सुरू होतो. 'प्रकाशकाने काढलेले' आणि 'स्वतः छापलेले' असा जो भेद आपण मानतो, तो पहिल्या पुस्तकांच्या बाबतीत बहुतेक वेळा उरलेलाच नाही. पैसा दोन्हीकडे लेखकाचाच असतो. फरक इतकाच की एका ठिकाणी तो उघड असतो आणि दुसऱ्या ठिकाणी परक्या नावाच्या आड लपवलेला असतो. जो आपल्या पैशाने पुस्तक काढून आपले नाव प्रकाशक म्हणून छापतो त्याला आपण हिणवतो. जो तितकेच पैसे मोजून दुसऱ्याचे नाव विकत घेतो त्याच्यापुढे नारळ ठेवतो. ही वाङ्मयीन कसोटी म्हणता येणार नाही. ती प्रतिष्ठेची खरेदी-विक्री आहे, आणि तिचे दलाल आपण आहोत.

दलाल हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरतो. यूजीसीच्या २०१० च्या विनियमांनी प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकन आणले आणि पुस्तकाला गुण मिळू लागले. त्यानंतर प्रबंधांची पुस्तके, चर्चासत्रांतील निबंधांची संकलने, 'समीक्षाग्रंथ' यांचा जो पूर आला, तो कोणाच्या पैशाने आला? आमच्याच. आपल्या पगारातून हजारो रुपये देऊन, कोणीही न वाचण्यासाठी, केवळ क्रमांकाकरिता आम्ही पुस्तके छापली. पैसे घेऊन पुस्तक काढण्याचा धंदा या काळात गल्लोगल्ली पोसला गेला तो आमच्या बढत्यांवर. तोच धंदा आज पहिली कादंबरी लिहिणाऱ्या मुलीच्या दारात उभा आहे, आणि आम्ही तिला शुद्धतेचे धडे देत आहोत.

त्या क्रमांकाविषयीही एक गोष्ट विद्यार्थ्यांना सांगितली पाहिजे. भारतात आयएसबीएन विनामूल्य मिळतो. केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो देते, आणि स्वतःचे पुस्तक स्वतः काढणारा लेखकही त्यासाठी अर्ज करू शकतो. तो पुस्तकाच्या ओळखीचा आकडा आहे, गुणवत्तेचा शिक्का नव्हे. फुकट मिळणारी ही गोष्ट 'पॅकेज'मध्ये सन्मान म्हणून विकली जाते, कारण तिला सन्मान मानायला आम्हीच शिकवले.

आता परंपरेकडे वळू, कारण शेरा मारणारे परंपरेचाच आधार घेतात. महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' १८७३ साली स्वतःच प्रसिद्ध केली. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी वाचकांपुढे क्रमशः आली ती 'करमणूक' या साप्ताहिकातून, आणि ते साप्ताहिक १८९० साली सुरू करणारे व चालवणारे स्वतः आपटेच होते. ज्या कादंबरीपासून आपण मराठी वास्तववाद शिकवायला घेतो, तिचा संपादक, प्रकाशक आणि लेखक एकच माणूस होता. फ्रान्समध्ये मार्सेल प्रूस्तच्या महाकादंबरीचा पहिला खंड १९१३ साली ग्रासे या प्रकाशनगृहाने काढला तो लेखकाच्या खर्चाने. त्याआधी इतरांनी तो नाकारला होता.

आपल्याच शहरात १९७६ साली आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि अरुण कोलटकर या चार कवींनी 'क्लिअरिंग हाउस' उभे केले. कोलटकरांची इंग्रजी 'जेजुरी' तिथून आली आणि तिला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. १९७७ मध्ये 'अरुण कोलटकरच्या कविता' आली ती त्यांचे मित्र अशोक शहाणे यांच्या 'प्रास प्रकाशना'कडून. पुढे 'भिजकी वही'ही तिथूनच आली आणि तिला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९७५ साली सुरू झालेल्या 'ग्रंथाली'ने तर प्रश्नच उलटा केला: आधी वाचक जमवायचा, मग पुस्तक छापायचे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली त्या वाटेने आले.

या उदाहरणांनी स्वखर्चाने निघालेले प्रत्येक पुस्तक थोर ठरते, असे आम्ही म्हणत नाही. फुल्यांचा दाखला देऊन स्वतःच्या आळसाचे समर्थन करणारे लेखक आम्ही भरपूर पाहिले आहेत. उदाहरणांवरून निघतो तो निष्कर्ष लहान आहे, पण पक्का आहे: पैसा कोणाचा होता यावरून पुस्तकाविषयी काहीही कळत नाही. ते वाचावे लागते.

आणि इथेच स्वप्रकाशनाच्या उत्साही पुरस्कर्त्यांशीही आमचे भांडण आहे. प्रकाशक गेला म्हणजे मधला माणूस गेला, बरे झाले, असे ते म्हणतात. मधला माणूस नेहमी दलालच असतो असे नाही; कधीकधी तो संपादक असतो. 'मौज' आणि 'सत्यकथा' यांच्या अभिरुचीविषयी आमचे गंभीर आक्षेप आहेत, पण श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हस्तलिखित वाचत असत, लेखकाला पत्रे लिहीत, पुनर्लेखन मागत. १९६९ मध्ये 'सत्यकथे'च्या अंकाची होळी झाली. होळी करायलासुद्धा समोर कोणीतरी नाकारणारा संपादक असावा लागतो. आज नव्या कादंबरीकाराला नाकारणारेच कोणी नाही. पैसे दिले की सगळे स्वीकारतात, आणि या स्वीकाराइतका मोठा अपमान दुसरा नाही.

तेव्हा थोड्या पैशात पहिली कादंबरी काढणाऱ्याने पहिला रुपया कुठे खर्चावा हा प्रश्न व्यवहाराचा वाटला तरी मुळात वाङ्मयीन आहे. आमच्या विद्यार्थिनीच्या कादंबरीत सत्त्याऐंशीव्या पानापासून जोडाक्षरे फुटली आहेत; जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना असे होते, आणि ते पाहायला डोळा लागतो. दोन प्रकरणांत थोरल्या मामाचे नाव बदलले आहे. एक प्रकरण सरळ काढून टाकायला हवे होते. हे सारे एका जाणत्या संपादकाच्या आणि एका मुद्रितशोधकाच्या कामाचे होते.

हिशेबच मांडू. दोनशे पानांची कादंबरी, डिजिटल छपाईच्या २०० प्रती, प्रतीमागे १०० रुपये धरले तर २० हजार. संपादक आणि मुद्रितशोधक यांचे १५ हजार धरू. एकूण ३५ हजार. म्हणजे तिने घालवलेल्या रकमेच्या सुमारे निम्मे. किंमत २५० रुपये ठेवली आणि १६० प्रती दुकानांतून ४० टक्के सवलतीने गेल्या, तर २४ हजार परत येतात. ११ हजारांचे नुकसान. त्याच १६० प्रती थेट वाचकाला टपालाने पाठवल्या, तर प्रतीमागे २० रुपये वजा जाऊन ३६,८०० येतात. खर्च निघतो, वर अठराशे उरतात. उरलेल्या ४० प्रती ग्रंथालयांना आणि परीक्षणासाठी. टपालाचा २० हा आकडा आम्ही हवेतून घेतलेला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने पुस्तकांसाठीची जुनी स्वस्त 'बुक पोस्ट' सेवा बंद केली, तेव्हा लहान प्रकाशकांचे कंबरडेच मोडले होते. मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झाली आणि तिचा ३०० ग्रॅमपर्यंतचा दर २० रुपये ठरला.

१६० थेट वाचक आणायचे कुठून, असे कोणी विचारील. या उपनगरांतून. गिरगाव, लालबाग, परळ सोडून मराठी कुटुंबे बोरीवली-दहिसरकडे आणि भांडुप-मुलुंडकडे सरकली त्याला दोन पिढ्या लोटल्या. वाचक हलला, मराठी पुस्तकाची मोठी दुकाने मात्र प्रामुख्याने दादर-गिरगावातच राहिली. लोकलमधून लोंबकळत घरी जाणारा माणूस पुस्तकासाठी दादरला उतरत नाही म्हणून तो वाचत नाही, असे अनुमान आपण काढले. पण मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघाचे ग्रंथालय आहे, पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ आहे, सोसायट्यांमधली भिशी मंडळे आहेत, ज्येष्ठ नागरिकांचे कट्टे आहेत, आणि आमची महाविद्यालये आहेत. राज्यात अकरा हजारांहून अधिक सार्वजनिक ग्रंथालये अनुदानावर चालतात. आणि राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजनाही आहे. आमच्या किती विद्यार्थ्यांना ती आम्ही सांगितली? १४ हजारांच्या समारंभात टाळ्या वाजवणारे तेच साठ नातलग येतात. त्याऐवजी आठ ठिकाणी जाऊन एकेका प्रकरणाचे वाचन केले असते, तर खर्च रेल्वेच्या तिकिटाचा होता.

शेवटचा आक्षेप आमच्या सहकाऱ्यांचा. प्रत्येकजण स्वतःच छापू लागला तर कचऱ्याचा ढीग होईल, निवड कोण करणार? ढीग केव्हाच झाला आहे, आणि त्यात आमच्या पदोन्नतीच्या ग्रंथांचा वाटा मोठा आहे. निवड करणे हे समीक्षेचे काम, आणि समीक्षा हे आमचे काम. त्यासाठीच आम्हाला पगार मिळतो. प्रकाशकाच्या नावावर विसंबून आम्ही ते काम त्याच्या गळ्यात मारले, आणि प्रकाशकाने ते लेखकाच्या पैशाला विकले. चाळणी हरवलेली नाही. ती आपण खुंटीला टांगून ठेवली आहे.

राहिली ती कादंबरी. आम्ही ती आता पूर्ण वाचली, अध्यक्षानेसुद्धा. ती सदोष आहे. पण तिच्यात भांडुपची एक चाळ पुनर्विकासाला जाते आणि अठरा महिन्यांसाठी म्हणून टिटवाळ्याला भाड्याने गेलेले कुटुंब नऊ वर्षे तिथेच राहते. आई दर महिन्याला लोकलने येऊन, चाळीच्या जागी उभारलेल्या पत्र्याच्या कुंपणापाशी पोस्टमनची वाट पाहते, कारण तिची सगळी पत्रे अजून जुन्या पत्त्यावर येतात. ही बारा पाने आमच्या वाचनात आलेल्या अलीकडच्या कोणत्याही मराठी कादंबरीत नाहीत. प्रकाशकाच्या नावाकडे पाहून आम्ही त्या दिवशी पुस्तक ठेवून घेतले होते. नाव नसते तर वरच्या फळीवर टाकले असते. दोन्ही वेळा ही बारा पाने आमच्या हातून निसटलीच असती.

आम्ही तिला सांगितले आहे की दुसरी आवृत्ती कर, दीडशे प्रतींची. एक प्रकरण काढ, मामाचे नाव एक ठेव, मुद्रिते आम्ही तपासतो. आणि प्रकाशक म्हणून तुझे स्वतःचे नाव छाप, मुलुंडच्या पत्त्यासकट. पहिल्या तीस प्रतींचे पैसे आम्ही आगाऊ दिले आहेत. पुढच्या सत्रात ती पुस्तके वर्गात वाटली जातील, आणि परीक्षण लिहिण्याची पाळी त्या अध्यक्षाची आहे.