गोठलेल्या भूमीवरील स्थानक

बैकल सरोवराच्या ईशान्येस, सैबेरियाच्या घोर अरण्यांत, कुआंडा नांवाचें एक रेल्वेचें खेडें आहे. सूचिपर्णी वृक्षांच्या या अरण्यास तिकडे 'तैगा' म्हणतात. १९७४ सालीं बैकल-अमूर लोहमार्गाचें काम जोरानें सुरू झालें, तेव्हां सोव्हिएट संघाच्या निरनिराळ्या प्रजासत्ताकांकडे स्थानकें वांटून दिलीं होतीं. कुआंडा उझबेकिस्तानच्या वांट्यास आलें. उन्हांत वाढलेलीं माणसें, आणि पायाखालीं सदैव गोठलेली माती! घराची ऊब लागतांच ही भूमि पाघळते व घर कलतें. म्हणून घरें खांबांवर उचलून खालून वारा खेळता ठेवावा लागतो. विरोधाभास अलंकारास याहून चांगलें उदाहरण आम्हांस तरी सुचत नाहीं.

पूर्वपश्चिमेकडून आलेले रूळ जुळल्याचा सोहळा १ आक्टोबर १९८४ रोजीं येथेंच झाला. पुढें सातच वर्षांनीं सोव्हिएट राज्य लयास गेलें व उझबेकिस्तान परदेश झाला. या मार्गावर कामकऱ्यांसाठीं थोड्या वर्षांपुरत्या बांधलेल्या लांकडी चाळींत कित्येक कुटुंबें मात्र दशकानुदशकें राहिलीं. तेथेंच मुलें वाढलीं, नातवंडें झालीं. सरकारदफ्तरीं त्या घरांची नोंद 'तात्पुरतीं' अशीच होती.