त्रिकोणाचा रंग कोण बघतो?

परभणी जिल्ह्यात, मानवतकडं कपाशीला पातं लागलं की आमचा माणूस दुकानात जाऊन एवढंच म्हणतो, "शेठ, जबर काहीतरी द्या." शेठ दोन बाटल्या अन् एक पुडी काढतो, सगळं एकाच पंपात.

अरे बाबांनो, आधी पान उलटून बघा. मावा, तुडतुडे दिसले तर रस शोषणारी कीड. तिला झाडात भिनणारं आंतरप्रवाही औषध. पानं कुरतडणाऱ्या अळीला पोटविष. गुलाबी बोंडअळी मात्र एकदा बोंडात शिरली की वरून कितीही स्पर्शजन्य विष मारा, ती आत निवांत सरकी खाते. रोग हाल्याला अन् इंजेक्शन पखालीला! तिच्यासाठी कामगंध सापळे आधीच लावावे लागतात.

डब्यावरचा लाल त्रिकोण सगळ्यात जहाल. मग पिवळा, निळा, हिरवा. २०१७ मध्ये यवतमाळात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, तरी आमच्याकडं उघड्या तोंडानं, वाऱ्याच्या उलट फवारणारे आहेतच. परभणीत कृषी विद्यापीठ असताना सल्ला दुकानदाराचा का? उधारी त्याच्याकडं असते म्हणून. निदान कोणत्या किडीला, किती पाण्यात किती मिली, हे पावतीवर मराठीत लिहून देण्याची सक्ती तरी शासनानं करावी.