हिनंच केलं!

मुलांनो, परवा आमच्या चौथीच्या वर्गात एकीची कंपासपेटी हरवली. कुणीतरी एका मुलीचं नाव घेतलं आणि बघता बघता सगळा वर्ग ओरडू लागला, "हिनंच घेतली!" संध्याकाळी पेटी घरीच सापडली. पण ती मुलगी दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तेव्हा मला मेरी वॉरनची गोष्ट आठवली.

ही गोष्ट अमेरिकेतल्या सेलमची, १६९२ सालची. (तामिळनाडूतलं सेलम वेगळं, बरं का!) मेरी होती वीसेक वर्षांची. पोटासाठी ती जॉन प्रॉक्टर नावाच्या शेतकऱ्याकडे घरकाम करायची. त्या वर्षी तिथल्या काही मुलींना झटके येऊ लागले. 'अमकीने चेटूक केलं, तमकीने केलं,' असं त्या सांगू लागल्या आणि मोठी माणसं ते खरं मानून लोकांना तुरुंगात टाकू लागली! मेरीलाही झटके यायचे. मालकाने दम भरला, सूत कातायला बसवलं, तसे ते थांबले. मग ती धीर करून म्हणाली, "त्या मुली सोंग करताहेत."

झालं! मुलींनी मेरीलाच चेटकीण ठरवलं. तिला अटक झाली. मेरी घाबरली, पुन्हा त्या मुलींच्या बाजूला गेली आणि आपल्याच मालकाविरुद्ध बोलली. १९ ऑगस्टला जॉन प्रॉक्टर फासावर गेले. त्या वर्षी एकूण १९ जणांना फाशी झाली. त्यांत चेटकीण एकही नव्हती!

मेरी चुकलीच. पण ती खरं बोलली तेव्हा तिच्या बाजूने कुणी उभं राहिलं असतं तर?

याच खटल्यांत एलिझाबेथ जॉन्सन ही २२ वर्षांची मुलगीही दोषी ठरली होती. तिची फाशी टळली, पण कलंक राहिला. तो कायद्याने पुसला गेला थेट २०२२ साली. आणि त्यासाठी धडपड कुणी केली, ठाऊक आहे? तिकडच्या आठवीच्या मुलांनी आणि त्यांच्या बाईंनी! नाव घ्यायला क्षण पुरतो. पुसायला तीनशेहून जास्त वर्षं लागली.

आमच्या वर्गात एक मुलगा आपणहून उठला आणि त्या मुलीला म्हणाला, "माझं चुकलं." मग एकेक जण उठत गेला.

तुमच्या वर्गात असा गलका झाला, तर तुम्ही काय कराल? आईबाबांशी बोला आणि मला पत्राने जरूर कळवा.

तुमच्या बाई