गाडीचा दम राहो, आवाज मात्र उतरो

जयपूरच्या तटबंदीच्या आतले जुने शहर. सवाई जयसिंगांनी 1727 साली वसवलेल्या या नगरीचे मुख्य रस्ते ऐसपैस आहेत. पण त्यांना फुटणाऱ्या गल्ल्या अरुंद आणि दोन्ही बाजूंना उंच दगडी घरे. अशा एखाद्या गल्लीत पहाटे साडेपाचला जुना पिकअप ट्रक सुरू झाला तर काय होईल, याची कल्पना करा. आवाजाला पळायला वाटच नसते. या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत तो वरच्या मजल्यावर चढतो. दम्यामुळे रात्र बसून काढलेल्या आजीबाईंचा नुकताच डोळा लागलेला असतो, त्या दचकून उठतात. पाळण्यातले मूल रडू लागते. खिडक्या आपटतात आणि शेजारधर्माला पहिला तडा जातो.

दुसरी बाजूही समजून घ्यायला हवी. तो पिकअप आजोबांच्या हातचा. त्यात एके काळी सांगानेरी कापडाचे गठ्ठे गेले, घरातल्या लग्नाचे सामान आले. तो विकायचा म्हणजे घरातले एक माणूस परक्याच्या दारी धाडण्यासारखे. शिवाय अशा गाड्यांना आपल्या देशात इतिहास आहे. जनरल मोटर्सने मुंबईत 1928 पासून गाड्यांची जुळणी केली. पुढे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात डॉज आणि फार्गो ट्रकांची जुळणी सुरू केली. अशा जुन्या गाड्या जपणाऱ्या हौशी मंडळींचा मेळावा जयपुरात हिवाळ्यात भरतो, तेव्हा बघ्यांची झुंबड उडते. मेळाव्यात टाळ्या घेणारी गाडी घरच्या गल्लीत शिव्या का खाते, हा खरा प्रश्न आहे.

मालक गाडी गॅरेजात नेतो आणि भीत भीत विचारतो, "उस्ताद, आवाज कमी केला तर गाडीचा दम जाईल का?" ही भीती सार्वत्रिक आहे. आवाज म्हणजे ताकद, असे आपण सिनेमात पाहून ठरवून टाकले आहे. ते खरे नाही. दम जातो तो धुराची वाट कोंडल्यामुळे. आवाज आणि वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे समजले की अर्धे काम झाले.

हा आवाज येतो कुठून? सिलिंडरात स्फोट झाला की तापलेला वायू दाबाखाली नळीत शिरतो. प्रत्येक स्फोटाचा एक धक्का. सहा सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत असेल, तर नळीत सेकंदाला 100 धक्के बसतात. हीच ती घुमणारी घरघर. सायलेन्सरचे काम हे धक्के विझवण्याचे, वायू अडवण्याचे नव्हे. ते दोन रीतींनी होते. एका प्रकारात आत कप्पे असतात. लाटा त्यांच्या भिंतींवर आपटून एकमेकींना मारतात. खालच्या सुरातली घरघर याने चांगली उतरते; पण कप्पे आखूड आणि भोके बारीक असली तर वायू अडखळतो. दुसऱ्या प्रकारात मधून सरळ, भोकाभोकांची नळी जाते आणि तिच्याभोवती काचतंतूंची लोकर भरलेली असते. वायू सरळ निघून जातो, आवाज लोकरीत मुरतो. याने कर्कशपणा जातो, दमाला फारसा धक्का लागत नाही; पण खालची घुमघुम काही प्रमाणात राहते.

तेव्हा नवा सायलेन्सर घेण्याआधी कामाचा क्रम ठरवावा. पहिले काम गळती शोधण्याचे. इंजिनाला नळी जिथे जोडली जाते तिथले गॅस्केट जळलेले असेल, तर 'टिक टिक' असा आवाज येतो आणि सांध्यापाशी काजळीचे पट्टे दिसतात. गाडी गार असताना, उघड्या जागेत सुरू करून, मागच्या नळीच्या तोंडावर क्षणभर जाड कापडाचा बोळा धरला की गळणारा सांधा फुसफुसून आपली जागा सांगतो. हातात मोजे हवेत. बंद शेडमध्ये हा प्रयोग कधीही करू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. याच कारणासाठी गळती ही केवळ आवाजाची बाब नाही. केबिनमध्ये मुले बसत असतील तर ती आधी बुजवावी. जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ते कोरडे घासून त्याची भुकटी उडवू नये, ओले करून अलगद काढावे.

दुसरे काम इंजिनाच्या प्रकृतीचे. ठिणगी उशिरा पडत असेल तर जळणे नळीपर्यंत लांबते. धूर जास्त तापतो, आवाज वाढतो आणि दमही जातो. पाय काढल्यावर फटाके फुटत असतील तर नळीत बाहेरची हवा शिरते आहे का ते पाहावे. टायमिंग आणि कार्बोरेटर जुळवले की आवाज उतरतो आणि पेट्रोलही वाचते.

यानंतर सायलेन्सर. मोठ्या पोटाचा, सरळ नळीचा सायलेन्सर मध्यावर आणि त्याच्या मागे एक लहान रेझोनेटर, अशी जोडी जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनाला मानवते. नळीचा व्यास मूळच्या आसपासच ठेवावा. जाड नळी घातली की ताकद वाढते हा समज चुकीचा आहे. फार रुंद नळीत वायूचा वेग मंदावतो आणि चढावर, भरल्या गाडीला जो खालचा जोर लागतो तोच घटतो. वळणे देताना नळी चेपली जाणार नाही, हे कारागिराला बजावून सांगावे. चेपलेली नळी म्हणजे कोंडलेली वाट.

एवढे करूनही ठरावीक वेगाला केबिनमध्ये घुमघुम उरली, तर त्यावर जुना आणि साधा उपाय आहे. मुख्य नळीला एक बंद तोंडाची फांदी जोडायची. तापलेल्या वायूत ध्वनी सेकंदाला सुमारे 500 मीटर धावतो. सेकंदाला 100 धक्क्यांची लाट म्हणजे 5 मीटर लांब. तिच्या चौथ्या हिश्श्याएवढी, म्हणजे सव्वा मीटरच्या आसपास लांबीची फांदी हवी. फांदीतला वायू गार राहतो, म्हणून प्रत्यक्षात ती थोडी आखूड लागते. फांदीत शिरलेली लाट परत येऊन मूळ लाटेला मारते. मुख्य वाट मोकळीच राहते.

शेवटचे काम कमी खर्चाचे. नळी सांगाड्याला कुठे टेकते का ते पाहावे आणि ती रबरी टांगण्यांवर तोलावी. केबिनच्या फरशीखाली जाड अस्तर घालावे, दारांची रबरे बदलावी, इंजिनकडच्या पत्र्याची भोके बुजवावी. पुष्कळदा ज्याला सायलेन्सरचा आवाज म्हणतात तो पत्र्याचा असतो. काम होण्याआधी आणि नंतर त्याच जागी, त्याच फेऱ्यांवर फोनमधल्या आवाजमापकाने नोंद घ्यावी. आकडा ढोबळ असला तरी फरक कळतो. 10 डेसिबलची घट झाली तर कानाला आवाज जवळपास निम्मा वाटतो.

कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात एकूण आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे; रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्या भोवतालच्या शांतता क्षेत्रात 50 आणि 40. रात्र म्हणजे दहा ते सहा. पहाटे साडेपाच ही वेळ कायद्याच्या लेखीही रात्रच आहे. सायलेन्सरला वळसा घालून धूर सोडणारी कट-आउटची सोय वापरली तर 2019 च्या दुरुस्तीनुसार 1000 रुपये दंड, पुन्हा तेच केले तर 2000. 50 वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी 2021 साली वेगळी नोंदणी आली. पण सांगाडा, बांधणी वा इंजिन यांत मोठे फेरबदल केलेली गाडी तिच्यात बसत नाही. म्हणून आवाजासाठी इंजिन बदलण्याचा मोह टाळलेला बरा.

एक उपाय मात्र कोणत्याही गॅरेजात मिळत नाही. थंडीत गाडी सुरू झाली की पाय देऊन गुरगुरत ठेवायची नाही. अर्ध्या मिनिटात हलक्या पायाने गल्लीबाहेर काढायची. सोय असेल तर रात्री ती गल्लीच्या तोंडाशी उभी करायची. आजोबांचा पिकअप चालत राहिला पाहिजे, आणि शेजारच्या आजीबाईंना सकाळी सात वाजता कळले पाहिजे की तो केव्हाच कामावर गेला.