सहल म्हणा, अभ्यासदौरा नको

किल्लारी भागातल्या आमच्या बचत गटांच्या बायका मालवणला जाऊन आल्या. रात्रभर एस.टी., एक दिवस पाण्यावर. निधी देणाऱ्या संस्थेला अहवाल धाडला, तर शेरा आला: 'सहल' शब्द काढून 'अभ्यासदौरा' लिहावे, काय शिकलात ते मुद्देवार द्यावे. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, मुद्दे पाडणं माझ्या हातचा मळ. पण या वेळी मन घेईना. बायका शिकायला गेल्याच नव्हत्या. निवांत बसायला गेल्या होत्या.

मालवणच्या धक्क्यावरून मशीनच्या होडीने सिंधुदुर्ग किल्ला जवळच आहे. मशीन सुरू झालं, फळ्या थरथरल्या आणि एका मावशींनी माझा दंड करकचून धरला. "ताई, खालून हालायलंय." ३० सप्टेंबर १९९३च्या त्या पहाटे मावशी बारा वर्षांच्या होत्या. दगडमातीच्या भिंतीखाली धाकटी बहीण गेली. होडीवाला हसला नाही, मशीन हळू केलं. परतताना मावशी आपणहून कडेला बसल्या, पाण्यात हात सोडून. म्हणाल्या, "ह्ये हालणार म्हणून आधी ठाऊक असतंय."

किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चहूकडे खारा समुद्र आणि मधोमध हे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या जिल्ह्यातल्या बायका विहिरीवर वाकून किती वेळ उभ्या होत्या! एकीने विचारलं, "हितं रांग नाय लागत?"

आता याचे मुद्दे कसे पाडायचे?

२०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईची त्यातली रोजची मिनिटं २९९ भरली, पुरुषाची ९७. त्यातही जे पुरुष घरकामाला हात लावतात तेवढेच धरून. असे होते चारांत एक. गावातले पुरुष पारावर बसतात, त्याचा अहवाल कुणी मागत नाही.

पण नुसतं निधीवाल्यांना का बोलावं? आपणही कमी नाही. भूकंपानंतर पुनर्वसनाच्या कामात गावोगावच्या बायका संवाद सहायक झाल्या, गट उभे केले, घरबांधणीवर लक्ष ठेवलं. त्याचा अभिमान आहेच. मात्र त्यानंतर प्रत्येक प्रशिक्षण, प्रत्येक मेळावा त्यांच्या कामात भरच घालत गेला. फुरसतीबद्दल आम्ही कधी विचारलंच नाही.

एका गोष्टीत मात्र कडक राहायला हवं. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. १८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर नौदलाची स्पीडबोट आदळली, डझनाहून जास्त माणसं गेली. आमच्या बायकांना लाइफ जॅकेटची लाज वाटत होती, साडीवर पट्टे नीट बसेनात. होडी दहा मिनिटं थांबवली, एकेकीचे पट्टे आवळले. आणि धक्क्याजवळ संडास कुठे आहे ते आधी विचारून ठेवा. नाहीतर बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि उन्हात चक्कर येते तेव्हा आपण म्हणतो, हिला बोट लागली.

अहवाल परत पाठवलाय, 'सहल' शब्द तसाच ठेवून. निधी नाही आला तर महिना वीस रुपये काढायचं गटांनी ठरवलंय. हिशेबाची वही मावशींकडे आहे.