'पान्यात'ला हसू नका

माझी भाची तिसरीत आहे. वर्गात एकदा ती म्हणाली, "मासा पान्यात राहतो," आणि सगळा वर्ग हसला. रडत घरी आली, तर पळस्प्यातल्या आमच्या घरानेही तेच केलं. "शुद्ध बोल" म्हणून मीच तिला दहा वेळा 'पाण्यात' लिहायला लावलं. पुढे कित्येक दिवस तिने मराठीचं पुस्तक उघडलं नाही.

चूक माझी होती. 'पाणी'चं 'पाण्यात' होतं, तसंच 'पानी'चं 'पान्यात' होतं. सामान्यरूपाचा नियम तिने बरोबर पाळला होता. फरक होता तो उच्चारात, आणि या पट्ट्यात आगरी असोत की मुसलमान, अनेकांच्या तोंडी हाच 'न' आहे. लिहिताना 'ण' लिहायचा, हे तिला शिकवायलाच हवं. परीक्षा आणि उद्याचे अर्ज प्रमाण मराठीतच असणार. पण त्यासाठी तिच्या दादीची बोली अशुद्ध ठरवायचं कारण नाही.

मग आम्ही वही मिटली आणि एसटीचा खेळ सुरू केला. आमच्या फाट्यावरून एक रस्ता पुण्याला जातो, दुसरा गोव्याला. भाची कंडक्टर, आम्ही प्रवासी. "कुठे जायचं?" पुण्याला, ठाण्याला, गोव्याला. पेणला, महाडला, मुंबईला. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "मामू, शेवटी ए नाहीतर आ असला की गावाचं नाव बदलतं!" नियम तिने स्वतः शोधला होता.

दुसरा खेळ दस्तरखानावरचा. कोणी काय खाल्लं ते सांगायचं. मी भाकरी खाल्ली, अब्बांनी मासा खाल्ला, दादीने अंडं खाल्लं. खाणारा कोणीही असो, क्रियापद चालतं पदार्थाच्या मागे. हाच कर्मणी प्रयोग. उर्दू शाळेत जाणारा माझा पुतण्या 'मीने खाल्लं' म्हणायचा, कारण उर्दूत 'मैंने' असतं. त्याला हसलो नाही. 'त्याने' म्हणतात, पण 'मीने' म्हणत नाहीत, हे त्याला जेवता जेवता कळलं.

कोणी म्हणेल, खेळून गुण मिळतात का? मी विचारतो, भीतीने किती मिळाले? राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० मध्ये झाला. उर्दू आणि इंग्रजी माध्यमातली आपली मुलंही त्यात आली. सक्तीने विषय वेळापत्रकात येतो. तो आवडेल की नाही, हे घर ठरवतं.

आणि आपल्यातले काही जण म्हणतात, "मराठी त्यांची, आपल्याला कामापुरती पुरे." त्यांना सांगा, श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण छापलं गेलं १८३६ मध्ये. व्याकरणाचं पुस्तक येण्याच्या कितीतरी आधीपासून आपण या भाषेत लिहितो आहोत. 'कागद', 'शाई', 'हजर', 'अर्ज' हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि मराठीचे झाले. या भाषेत आपण पाहुणे नाही.

घरात लहान भाऊ-बहीण, भाचरं असतील, तर आज जेवताना विचारा, कोणी काय खाल्लं? पैसे लागत नाहीत, शिकवणी लागत नाही. एकच पथ्य पाळा: मूल चुकलं तर हसू नका.