विश्लेषण : भोर-वेल्ह्यात नोंदींसाठी कोणते ॲप चालेल?

राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. पर्यायांवर खूण करण्याऐवजी आता उत्तरे लिहायची असल्याने उमेदवारांसाठी स्वतः काढलेल्या नोंदींचे मोल वाढले. भोर आणि वेल्हे (आता अधिकृत नाव राजगड) तालुक्यांतून पुण्याला ये-जा करणारे उमेदवार असोत, राजगड-तोरण्याची टिपणे काढणारे दुर्गअभ्यासक असोत की घराघरांतली जुनी कागदपत्रे नोंदवणारे शिक्षक, वही हळूहळू फोनमध्ये चालली आहे. ॲप फुकट मिळते आणि निवड दोन मिनिटांत होते. पाच वर्षांच्या नोंदी त्यातून बाहेर काढायची वेळ आली की अडचण कळते.

एव्हरनोटचा धडा काय?

एके काळी डिजिटल नोंदी म्हणजे एव्हरनोट असे समीकरण होते. २०२२च्या अखेरीस इटलीतील बेंडिंग स्पून्स या कंपनीने ते विकत घेण्याची घोषणा केली. डिसेंबर २०२३ पासून मोफत वापरकर्त्यांना ५० नोंदी आणि १ वही एवढीच मर्यादा आली. जुन्या नोंदी पाहता व बाहेर काढता येत होत्या, पण मर्यादा ओलांडलेल्यांना नवी नोंद लिहायची तर पैसे भरणे किंवा दुसरीकडे जाणे एवढेच मार्ग उरले. कंपनीने बेकायदा काही केले नाही. दुकान तिचे होते आणि भाडेही तिनेच ठरवायचे होते.

गुगल कीपला अशी मर्यादा नाही, पण ते गुगल खात्याला बांधलेले आहे. सलग दोन वर्षे न वापरलेली खाती मजकुरासह काढून टाकण्याचा गुगलचा नियम आहे. परीक्षेसाठी वेगळे खाते उघडून नंतर विसरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कायदा मदतीला येतो का?

फारसा नाही. युरोपीय महासंघाच्या ‘जीडीपीआर’ कायद्यात, आपण दिलेली माहिती संगणकाला वाचता येईल अशा स्वरूपात परत मागण्याचा हक्क आहे. भारताच्या २०१९च्या विधेयकात तसा हक्क होता, पण २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तो उरला नाही. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहितीचा गोषवारा मागणे, दुरुस्ती, खोडणे, तक्रार आणि मृत्यूनंतरसाठी वारस नेमणे हे हक्क कायद्यात आहेत. मात्र ‘माझ्या हजार नोंदी मला नीट फायलींत द्या’ असे म्हणायला त्यात आधार नाही. म्हणून नोंदी बाहेर काढण्याची सोय ॲप निवडतानाच पाहावी लागते.

रेंज नसेल तर?

डोंगरांच्या कुशीतल्या अनेक वाड्यांत आजही रेंज येते-जाते आणि पावसाळ्यात वीजही बेभरवशाची असते. नोशन वर्षानुवर्षे इंटरनेटवरच अवलंबून होते. ऑफलाइन सोय २०२५ मध्ये आली, पण मोफत वापरात हवे ते पान आधीच उतरवून ठेवावे लागते. गडाच्या माथ्यावर पोहोचल्यावर हे आठवून उपयोग नाही. कीप फोनवर रेंजशिवाय चालते. ऑब्सिडियन तर नोंदी साध्या मजकुराच्या फायली म्हणून फोनमध्ये किंवा संगणकावरच ठेवते. उद्या ऑब्सिडियन बंद पडले तरी त्या कुठल्याही संपादकात उघडतील. मात्र फोन आणि संगणक जुळवून घेण्याची त्यांची सेवा विकतची आहे, आणि सुरुवातीची मांडणी नवख्याला किचकट वाटते. जॉपलिन हे मुक्तस्रोत ॲप मधला मार्ग आहे.

मराठीत शोधता येते का?

ॲपांच्या तुलनेत हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही, आणि मराठी वापरकर्त्याचे सर्वाधिक नुकसान इथेच होते. मराठीत विभक्ती लागली की शब्दाचे रूप बदलते. ‘तोरणा’ शोधले तर ‘तोरण्यावर’ लिहिलेली नोंद सापडत नाही, कारण ‘णा’चा ‘ण्या’ झालेला असतो. ‘वेल्हे’ शोधले तर ‘वेल्ह्यात’ हाती लागत नाही. उपाय साधा आहे. शेवटचा स्वर गाळून ‘तोरण’, ‘वेल्ह’ असे शोधावे. तालुक्याच्या नव्या नावाने यात भर घातली आहे. जुने दस्तऐवज वेल्हे म्हणतात, नवे राजगड म्हणतील, आणि राजगड म्हणजे गडही. दोन्ही नावांची खूण जोडणे आणि गडासाठी ‘किल्ले राजगड’ असे वेगळे लिहिणे हाच त्यावरचा मार्ग.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘पायऱ्या’, ‘दऱ्या’, ‘खोऱ्यात’ या शब्दांतला ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे टंकित होतो. पडद्यावर अक्षर सारखेच दिसते, पण ॲपने ती रूपे एक मानली नाहीत तर फोनवर लिहिलेली नोंद संगणकावर शोधून सापडत नाही. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटांतला मजकूर तर युनिकोडमध्ये रूपांतर न करता चिकटवला की निरर्थक चिन्हे उमटतात.

हस्तलिखिताच्या किंवा मोडी कागदाच्या नुसत्या फोटोवर भिस्त ठेवू नये. कोणाच्या घरचा कागद, कोणते गाव, कोणता सन एवढ्या दोन ओळी टंकल्या नाहीत, तर ५०० फोटोंतून हवा तो शोधणे बोटांनी सरकवत बसण्याचे काम ठरते.

मग निवड कशी करावी?

चालता चालता टिपायला कीप पुरेसे आहे. वर्षानुवर्षे जपायचे ते ऑब्सिडियन किंवा जॉपलिनमध्ये हलवलेले बरे, आणि त्याची एक प्रत घराबाहेर ठेवावी. १२ जुलै १९६१ रोजी वेल्हे तालुक्यातील पानशेत धरण फुटले आणि पुण्यात नदीकाठच्या घरांतले कागद पाण्याखाली गेले. फोनला पाणी लागायला धरण फुटावे लागत नाही.

ॲप ठरवण्याआधी अर्धा तास चाचणी करता येते. दहा मराठी नोंदी लिहाव्यात, त्यांतल्या दोन संगणकावरून. फोन विमान मोडवर टाकून त्या उघडतात का पाहावे, ‘तोरण’ आणि ‘पायऱ्या’ शोधून पाहावे. मग साऱ्या नोंदी बाहेर काढून ती फाइल दुसऱ्या कुणाच्या संगणकावर उघडून बघावी.